'राइट' आणि 'सम्मा' : एका शब्दाच्या अनेक अर्थांविषयी

आमच्या पाली वर्गास अलीकडे इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलेमुली मोठ्या संख्येने येऊ लागली आहेत. त्यांतील अनेकांची धम्माशी पहिली ओळख इंग्रजी पुस्तिकांतून झालेली असते. अष्टांगिक मार्गाचा पाठ चालू असताना आम्ही एकदा त्यांना आठही अंगांची इंग्रजी नावे देऊन मराठी प्रतिशब्द लिहून आणण्यास सांगितले. एका विद्यार्थिनीने 'राइट लाइव्हलीहुड' या अंगापुढे 'उपजीविकेचा हक्क' असे लिहिले होते. वर्ग हसला, मुलगी ओशाळली. आम्ही तेथे 'सम्यक् आजीविका' असे लिहून दिले आणि पाठ पुढे नेला.

परंतु नंतर विचार करता ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, असे आमच्या ध्यानात आले. 'राइट' म्हणजे हक्क हा अर्थ त्या मुलीने घरी आणि शाळेत शेकडो वेळा ऐकलेला होता. 'फंडामेंटल राइट्स' म्हणजे मूलभूत हक्क, हे आमच्या वस्तीतील लहान मूलही जाणते. मग मार्गाच्या आठही अंगांमागे तोच शब्द आला, तर तिने दुसरा अर्थ कोठून आणावा? आणि आपण सम्यक् म्हणतो ते व हक्क म्हणतो ते, यांचा परस्परांशी खरोखरच काही संबंध नाही काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

इंग्रजी 'राइट'ची अर्थकक्षा

इंग्रजी 'राइट' या एका शब्दात निदान चार अर्थ एकत्र नांदतात. पहिला अर्थ सरळ. काटकोनाला इंग्रजीत 'राइट अँगल' म्हणतात तो या अर्थाने. दुसरा अर्थ उजवा. तिसरा अर्थ बरोबर, योग्य, न्याय्य. चौथा अर्थ हक्क. राजकारणातील 'राइट' हा दुसऱ्या अर्थाचाच विस्तार होय. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजसत्तेचे पक्षपाती अध्यक्षांच्या उजव्या बाजूस बसू लागले, यावरून 'उजवे' आणि 'डावे' हे पक्षवाचक शब्द रूढ झाले. बसण्याच्या जागेवरून पडलेल्या या नावाचा योग्यायोग्यतेशी काही संबंध नाही.

या चारही अर्थांच्या मुळाशी 'सरळ' ही एकच कल्पना आहे. इंग्रजी 'राइट', लॅटिन 'रेक्टस', संस्कृत 'ऋजु' आणि पाली 'उजु' हे शब्द एकाच प्राचीन धातुकुळातले आहेत. मराठीतील 'उजू' याच घराण्यातला, आणि 'उजवा' हाही त्याचाच भाऊबंद मानला जातो. जे सरळ ते योग्य, जो हात सरळ चालतो तो उजवा, आणि जे सरळ मार्गाने आपल्याकडे येणे आहे तो हक्क, अशी ही अर्थाची वाटचाल आहे. जर्मन भाषेतही 'रेख्ट' या एकाच शब्दाने कायदा, हक्क आणि योग्य हे अर्थ दाखविले जातात. उलटपक्षी इंग्रजी 'राँग' या शब्दाचा मूळ अर्थ वाकडा, पिळलेला असा आहे. पालीतही 'उजु'च्या विरोधी 'वंक', म्हणजे वाकडा, हाच शब्द येतो.

भाषेतील अशा संगतीमुळे एक धोकाही उत्पन्न होतो. उजव्या हाताचा चांगुलपणा हा निव्वळ बहुसंख्यांच्या सवयीचा भाग आहे. परंतु भाषा त्याला नीतीचा दर्जा देऊन टाकते. आपण मराठीत सरस ठरणाऱ्याला 'उजवा' म्हणतो, भेदभावाला 'डावेउजवे करणे' म्हणतो, आणि एखाद्याला बाजूला सारण्याला 'डावलणे' म्हणतो. ज्या समाजाला शतकानुशतके डावलले गेले, त्याने तरी या शब्दांकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. बहुसंख्यांचे वळण ते योग्य आणि इतरांचे ते अयोग्य, हा न्याय हाताच्या बाबतीत निरुपद्रवी वाटतो. माणसांच्या बाबतीत तो तसा राहत नाही.

पालीत उजव्या बाजूसाठी 'दक्खिण' हा स्वतंत्र शब्द आहे. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हातास येणारी दिशा, म्हणून दक्षिण दिशेलाही तेच नाव. सुत्तांमध्ये उपासक तथागतांना अभिवादन करून 'पदक्खिणा' करून निघून जातात, म्हणजे आदरणीय व्यक्तीला आपल्या उजव्या हातास ठेवून फेरी घालतात. सांचीच्या स्तूपाभोवतीचा प्रदक्षिणापथ या रीतीची साक्ष देत आजही उभा आहे. ही आदर व्यक्त करण्याची रीत झाली. अष्टांगिक मार्गातील 'सम्मा' या शब्दाचा या उजवेपणाशी काहीही संबंध नाही.

'सम्मा' म्हणजे काय?

ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी 'सम्मा'साठी 'राइट' हा शब्द योजिला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. इंग्रजीत त्याहून जवळचा आणि सुटसुटीत शब्द सहजासहजी सापडत नाही. धर्मानंद कोसंबी यांनी मराठीत लिहिताना 'सम्यक्' हाच शब्द ठेवला, आणि आपल्या समाजातही तोच रुजला. आज कितीतरी घरांत मुलाचे नाव 'सम्यक' असते. तरीही इंग्रजीतून उलटे मराठीत येताना 'योग्य दृष्टी', 'बरोबर बोलणे' असे प्रतिशब्द आता वरचेवर दिसू लागले आहेत. त्यामुळे काय गमावते, ते पाहिले पाहिजे.

'सम्मा' हे वैदिक 'सम्यक्' या शब्दाचे पाली रूप होय. 'सम्' म्हणजे एकत्र आणि 'अञ्च्' म्हणजे वळणे, जाणे. एका दिशेने एकत्र जाणारे, म्हणून पूर्ण, यथार्थ, जसे असावयास पाहिजे तसे. त्याचा विरोधी शब्द 'मिच्छा', म्हणजे मिथ्या. तथागतांना आपण रोज 'सम्मासम्बुद्ध' म्हणून वंदन करतो. तेथे 'योग्य बुद्ध' किंवा 'बरोबर असलेला बुद्ध' असा अर्थ घेऊन पाहावा. तो शब्द किती अपुरा पडतो हे लगेच कळते. तेथे 'सम्मा' याचा अर्थ पूर्णपणे, यथार्थपणे असा आहे, आणि मार्गाच्या अंगांतही ही पूर्णतेची छटा आहेच.

मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्त या दृष्टीने मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. तेथे तथागतांनी सम्मादिट्ठीला अग्रस्थान दिले आहे. परंतु ती एकटी चालत नाही. सम्मावायाम आणि सम्मासति या दोघींसह ती प्रत्येक अंगाभोवती फिरत असते, असे तेथे स्पष्ट केले आहे. शिवाय मिच्छादिट्ठीला मिच्छादिट्ठी म्हणून ओळखणे हाही सम्मादिट्ठीचाच भाग सांगितला आहे. म्हणजे सम्मादिट्ठी हे पाठ करून ठेवण्याचे एखादे मान्यताप्राप्त मत नव्हे. परीक्षकाने उत्तरापुढे 'बरोबर' अशी खूण करावी, तसा येथे 'सम्मा' शब्द येत नाही. दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म आणि उपजीविका ही सर्व एका दिशेला वळली, तरच त्यांतील प्रत्येक सम्यक् होते. सभेत समतेवर बोलणारा आणि घरी सुनेला बरोबरीने न वागविणारा मनुष्य बोलतो ते कदाचित बरोबर असेल. त्याची वाणी सम्यक् आहे असे मात्र म्हणता येत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील विवेचनही याच दिशेचे आहे. कर्मकांडाच्या सामर्थ्यावरील आणि शास्त्रांच्या पावित्र्यावरील विश्वास सोडणे, अनुभवाचा आधार नसलेल्या कल्पना टाकणे आणि मन व विचार मुक्त ठेवणे, असे सम्मादिट्ठीचे स्वरूप त्यांनी सांगितले आहे. ज्याला 'राइट व्ह्यू'चा अर्थ 'मान्य केलेले मत' असा वाटेल, त्याच्या हातून हे मुक्त मनच निसटेल. मग अष्टांगिक मार्ग आठ आज्ञांची यादी होऊन बसेल.

संघवंदनेतील चार शब्द

इंग्रजीने एका शब्दात जे कोंबले, ते पालीने किती बारकाईने वेगळे ठेवले आहे, हे पाहण्यासाठी ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. आपण दर रविवारी विहारात संघवंदना म्हणतो. तीत श्रावकसंघाची चार विशेषणे ओळीने येतात : सुपटिपन्नो, उजुपटिपन्नो, ञायपटिपन्नो, सामीचिपटिपन्नो. 'पटिपन्न' म्हणजे मार्गाला लागलेला. 'सु' म्हणजे चांगल्या रीतीने. 'उजु' म्हणजे सरळ, वाकडेपणा सोडून. 'ञाय' हा संस्कृत 'न्याय' शब्दाचा पाली अवतार. योग्य पद्धती, तत्त्वाला धरून असलेला क्रम. 'सामीचि' हा शब्द तर 'सम्यक्' याच शब्दापासून निघालेला आहे. ज्याच्याशी जसे वागणे उचित, तसे वागणे म्हणजे सामीचि.

या चारही शब्दांच्या जागी इंग्रजीत 'राइट' किंवा 'राइटली' घातले तरी व्याकरण बिघडणार नाही. पण चार निरनिराळे गुण एकात विरून जातील. मनुष्य सरळ असूनही न्यायाने वागत नसेल. तो न्यायाची पद्धत जाणत असेल, आणि तरीही समोरच्या माणसाला त्याचा उचित मान देत नसेल. म्हणून चारही सांगावे लागले.

यांतील 'सामीचि' हा शब्द आमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात उपालीच्या प्रव्रज्येचा प्रसंग आहे. शाक्य राजकुमार आपला न्हावी उपाली याच्यासह तथागतांकडे आले आणि त्यांनी विनंती केली की, आमच्याआधी उपालीला प्रव्रज्या द्यावी. तसे झाले म्हणजे आम्ही त्याला अभिवादन करू, उठून उभे राहू, हात जोडू आणि सामीचिकर्म करू. त्यामुळे आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. तथागतांनी तसेच केले. जन्माने न्हावी असलेल्या उपालीला राजकुमारांकडून जो मान मिळाला, तो त्यांच्या मेहरबानीचा नव्हता. संघात आधी आलेला ज्येष्ठ, या नियमाने तो त्याचा ठरला होता.

हक्कासाठी पाली शब्द कोणता?

आता हक्काकडे वळू. आधुनिक अर्थाने हक्क, म्हणजे व्यक्तीने न्यायालयापुढे उभे राहून मागावा असा अधिकार, यासाठी तिपिटकात नेमका शब्द नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पालीत 'अधिकार' शब्द आहे. पण तेथे तो सेवा, कार्यभार, पूर्वी केलेले सत्कर्म अशा अर्थांनी येतो. वैदिक परंपरेत 'अधिकार' हा शब्द पात्रता या अर्थाने आला आणि त्याचा उपयोग मुख्यतः वगळण्यासाठी झाला. मीमांसासूत्रांतील आणि ब्रह्मसूत्रांतील 'अपशूद्राधिकरण' म्हणजे शूद्राला यज्ञाचा व वेदविद्येचा अधिकार का नाही, याचीच चर्चा होय. 'हक्क' हा शब्द मात्र अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अरबीत 'हक्' म्हणजे सत्य, आणि जे देणे योग्य आहे तेही. येथे इंग्रजी 'राइट'प्रमाणेच खरे आणि येणे हे दोन अर्थ एकत्र आलेले दिसतात.

तिपिटकात शब्द नसला तरी आशय अजिबात नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी पाच प्रकारे वागावे, असे सांगितले आहे : शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष चांगले पदार्थ वाटून खावेत आणि वेळोवेळी सुटी द्यावी. ही कर्तव्ये मालकाच्या बाजूने सांगितली आहेत; परंतु तीच नोकराच्या बाजूने वाचली, तर वेतन, औषधोपचार आणि विश्रांती ही त्याची येणी ठरतात. नोकराचीही पाच कर्तव्ये तेथे आहेत, म्हणजे व्यवहार दुहेरी आहे. उणीव एकच राहते. मालकाने वेतन दिले नाही, तर नोकराने कोणाकडे जावे? सुत्त हे उपदेश आहे, कायदा नव्हे. ही उणीव भरून काढण्याचे काम बाबासाहेबांनी संविधानात केले. म्हणूनच मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची तरतूद करणाऱ्या कलम ३२ ला त्यांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानसभेत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले.

बावन्न हक्क आणि महाड

येथपर्यंत हक्क हा शब्द आम्ही चांगल्या अर्थाने वापरला. परंतु प्रत्येक हक्क सम्यक् असतोच असे नाही, ही गोष्ट आपल्या समाजाइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? महारांचे बावन्न हक्क, ही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली जाणारी परंपरा होती. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाच्या इमानाबद्दल ते दिले, अशी कथा सांगत. मेलेल्या जनावरांची कातडी, खळ्यावरचे धान्य, घरोघरची भाकरी हे त्या हक्कांत मोडत असे. त्याच्या बदल्यात वतनदार महाराने गावाची राखण, सांगावे, सरकारी कामगारांची वरकामे रात्रंदिवस करावयाची. नाव हक्काचे आणि वस्तू बेडीची, असा हा प्रकार होता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यातीलच काही लोकांना आपले हक्क जातात असे वाटले. शब्दाच्या मोहात वस्तू दिसेनाशी झाली होती. ही वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती बाबासाहेबांच्या पश्चात, १९५८ च्या कायद्याने.

याहून स्पष्ट उदाहरण महाडचे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेथे परिषद भरली. मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडून द्या, असे बाबासाहेबांनी तेथे बजावले. म्हणजे जुन्या हक्कांपैकी काही टाकून देण्यास सांगितले. आणि त्याच परिषदेतून उठून लोक चवदार तळ्यावर गेले व त्यांनी पाणी घेतले. म्हणजे नवा हक्क बजावला. तो हक्क कागदावर आधीच होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली तळे खुलेही केले होते. तरी कोणी पाण्यापर्यंत जाऊ शकले नव्हते. पुढे न्यायालयात दावा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

एकाच परिषदेत एक हक्क टाकावयाचा आणि दुसरा घ्यावयाचा, हे कोणत्या कसोटीने ठरले? मनुष्याला हीन ठेवून काही पदरात टाकणारा हक्क मिच्छा. माणसाला माणसाच्या बरोबरीस आणणारा हक्क सम्मा. आमच्या मते, इंग्रजीने 'राइट' शब्दात दोन अर्थ जोडून टाकल्यामुळे हाच प्रश्न झाकला जातो. हक्क आहे म्हणजे तो न्याय्य असणारच, असे शब्दच सुचवितो. आपल्या भाषेत दोन शब्द वेगळे आहेत, म्हणून आपण विचारू शकतो : हा हक्क सम्यक् आहे काय?

दुसऱ्या बाजूनेही हा प्रश्न खरा आहे. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, हक्कांचे रक्षण केवळ कायद्याने होत नाही, ते समाजाच्या सामाजिक व नैतिक सदसद्विवेकाने होते. महाडच्या कागदी ठरावाचा अनुभव त्यामागे होताच. तेरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपूरला आपल्या हाती धम्म दिला आणि प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचा समावेश केला. संविधानाने हक्क दिला. तो हक्क मानणारे मन घडविण्याचे काम सम्यक् मार्गाकडे सोपविले, असे आम्ही याचे आकलन करतो.

पुन्हा त्या वहीकडे

आता त्या विद्यार्थिनीच्या उत्तराकडे परत येऊ. भाषांतर म्हणून ते चूकच होते. सम्माआजीव म्हणजे इतरांना इजा वा अन्याय न करता केलेली उपजीविका, असे बाबासाहेबांनी सांगितले आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. ही जबाबदारी उपजीविका करणाऱ्यावर आहे.

परंतु जिला निवडण्यास दुसरे कामच ठेवलेले नाही, तिला आपण केवळ हे अंग पाठ करावयास सांगणार काय? १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे. झोपड्या हटविण्यास मात्र न्यायालयाने कायमची मनाई केली नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंत, मुदत दिली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा कायदा झाला. त्यांपैकी दुसऱ्याने त्या कामातून सुटणाऱ्यांच्या पुनर्वसनाचीही तरतूद केली. कारण नुसते काम बंद करून चालत नाही. सम्यक् उपजीविकेसाठी दुसरी उपजीविका मिळावी लागते. तेथे सम्माआजीव आणि उपजीविकेचा हक्क या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरूनच येतात.

म्हणून आम्ही आता वर्गात थोडी वेगळी रीत ठेवली आहे. मार्गाची आठही अंगे 'सम्यक्' याच शब्दाने शिकवितो. 'योग्य' किंवा 'बरोबर' हे शब्द समजावण्यापुरतेच वापरतो. इंग्रजी पुस्तकात 'राइट' आला की, तो सरळ, उजवा, सम्यक् की हक्क, हे विद्यार्थ्यांनी आधी ठरवावे असा आग्रह धरतो. आणि फळ्यावर दोन प्रश्न लिहितो. कोणी हक्क सांगितला, तर तो सम्यक् आहे काय? कोणी सम्यक् आचरणाचा उपदेश केला, तर त्यात समोरच्या माणसाचा हक्क जपला आहे काय?

त्या मुलीच्या वहीत आम्ही त्या दिवशी खोडलेले 'उपजीविकेचा हक्क' हे शब्द पुढच्या तासाला पुन्हा लिहून दिले, 'सम्यक् आजीविका' या शब्दांच्या खाली, वेगळ्या ओळीवर.